हलवून भरलेली टाकी

अहमदपूर सोडलं की गाडीच्या डॅशबोर्डवर ती पिवळी लाईट लागायची. इंजिनाच्या आकाराची, छोटीशी. पप्पा एसी बंद करायचे, वेग कमी करायचे, आणि लातूर येईपर्यंत आम्ही दोघं खिडक्या उघड्या टाकून गप्प बसायचो. तशीही आमच्यात फार बोलणी नसत.

धाकटी बहीण लातूरला मेडिकलच्या क्लासला होती. आई तिच्यासोबत भाड्याच्या खोलीत राहायची. त्या गल्लीत प्रत्येक जिन्यावर अशीच एकेक आई होती. नांदेडचं घर, माझी नोकरी आणि पप्पांचं जेवणखाण माझ्याकडे. रविवारी आम्ही दोघं लातूरला जायचो. रविवार झोपण्यासाठीही असतो हे मी विसरून गेले होते.

मिस्त्रीनं एक सेन्सर बदलून दिला. पुढच्या रविवारी लाईट पुन्हा लागली. त्या दिवशी लातूरच्या खोलीत पप्पांनी जाहीर केलं, "ही गाडी ऐनवेळी दगा देणार. हिच्या भरवशावर तुम्हाला इथं ठेवता येत न्हाई. पुढच्या रविवारी पुन्हा लाईट लागली तर सामान बांधून आणतो. नांदेडात काय क्लास कमी हायत?"

बहीण माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. "तायडे, परीक्षा तोंडावर आली. आता क्लास बदलला तर वर्ष गेलंच समज. तू बोल ना त्यांच्याशी."

"तूच बोल."

"मी लहान आहे."

सोमवारी पप्पांनी मला गॅरेजला नेलं. "इंग्लिश मीडियमला घातलं, कधीतरी कामाला येऊ दे." मिस्त्रीच्या मशीनवर जे आलं ते मी वाचून सांगितलं: टाकीतली वाफ इंजिनाकडे नेणाऱ्या व्यवस्थेत बिघाड. मिस्त्रीनं गाडी उचलली आणि खालून एक काळा डबा काढला. त्यातून पेट्रोल ठिबकत होतं.

"ह्यात कोळसा असतो, बेटा. टाकीतली वाफ पितो. पेट्रोल पाजलं की ह्याची तब्येत बिघडते." मग पप्पांकडे वळून, "साहेब, टाकी ठासून भरता का?"

"न्हाई बा. सगळे भरतात तशीच."

पप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. निघताना पंपावर नळी आपोआप बंद झाली की ते खाली उतरायचे आणि दोन्ही हातांनी गाडी मागून हलवायचे, आतली हवा निघून आणखी पेट्रोल मावावं म्हणून. पंपावरचे लोक बघायचे. मी आत बसून हलत राहायचे आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

मिस्त्री डबा पुसत होता. मी म्हटलं, "काका, नळी बंद झाल्यावरही आम्ही गाडी हलवून भरतो. दर रविवारी."

मिस्त्री मोठ्यानं हसला. "गाडी हाय का ज्वारीचं पोतं, साहेब? हलवून हलवून भरायला!"

पप्पा हसले नाहीत. नवीन डबा बसेपर्यंत ते बाहेर उभे राहिले.

भूकंप झाला तेव्हा पप्पा लातूरला शिकत होते. खबर कळताच मिळेल त्या जीपनं आत्याच्या गावाकडे निघाले. औशाच्या पुढे जीप बंद पडली. टाकी कोरडी होती. पुढचं अंतर ते पायी गेले. आत्याचा फोटो आमच्या देवघराशेजारी आहे. एवढंच मला माहीत होतं.

परतताना मी म्हटलं, "पप्पा, नळी बंद होते तेव्हा टाकी भरलेलीच असते."

पप्पांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "त्या जीपवाल्यानंबी भरलेलीच हाय म्हणून सांगितलं होतं."

 

पुढच्या रविवारी पंपावर नळी बंद झाली. पप्पा उतरले, गाडीच्या मागे गेले, हात ठेवले. मी आरशात बघत होते. तसेच हात ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन बसले. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. लाईट लागली नाही. ते मात्र सारखे पेट्रोलच्या काट्याकडे बघत होते.

लातूरला बहिणीनं जिन्यातूनच माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. लाईट लागली नाही, अशी मी मान हलवली. ती वर पळाली.

आईनं चहा देत विचारलं, "काय झालतं गाडीला?"

"काही न्हाई. एक डबा खराब झालता," पप्पा म्हणाले, "बदलला."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिले. मग भिंतीला टेकले आणि तिथंच झोप लागली.