घाटातला चढ

एम.फिल. करता करता मी धुळ्याच्या एका कॉलेजात कॅल्क्युलस शिकवायचो. वर्गातले एकजण माझ्याहून वयानं मोठे, म्हणून त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो. नाव विचारायचं राहूनच गेलं. बाकाची कड धरून, डोळे मिटून ते इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणत. हे पाठांतर मोडायचा मी चंगच बांधला होता. एकदा म्हटलं, "डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय? घरच्या बोलीत सांगा."

त्यांचा हात हवेत घाट चढू लागला. "चढ बठ्ठीकडे सारखा नई शे, सर. आपण जठे उभा, तठलाच सांगाना."

पोरं हसली. मी मात्र हरखलो. चढ सगळीकडे सारखा नसतो, उभे असू तिथलाच सांगायचा; डेरिव्हेटिव्ह म्हणजे नेमकं हेच.

"पेपरमा असंच लिखू का?" त्यांनी विचारलं.

पेपर इंग्रजीत, तपासणारे दुसरेच.

"नको," मी म्हणालो.

भाऊंनी मान हलवली, बाकाची कड धरली आणि डोळे मिटले.