मामांसाठी डॉक्टर बघताना

डॉक्टर पेशंटला तपासतो, हा जगाचा नियम माझ्या बायकोच्या मामांना कधीच मान्य नव्हता. डॉक्टरला तपासण्यासाठीच पेशंटचा जन्म असतो, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ती निभावायला लागणारी ठणठणीत प्रकृती देवाने त्यांना भरभरून दिली होती. लालबागची खोली विकून ते मिरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आले तेव्हा पाट्यावरवंट्यापासून पिंपापर्यंत सगळं घेऊन आले. फक्त डॉक्टर तेवढा लालबागलाच राहिला. पण मामा त्याला सोडायला तयार नव्हते. ताप आला की मफलर गुंडाळून इथून थेट लालबागला जायचे. तिथे पोहोचेपर्यंत ताप उतरलेला असे, आणि त्याचं श्रेयही मामा डॉक्टरांनाच देत. पुढे ते डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले, आणि मामा एकदम पोरके झाले.

हे सगळं गमतीवारी नेता आलं असतं, पण मामींना दमा होता. हवा पालटली की त्यांची छाती घरघरायला लागे. जवळपास डॉक्टर हवा होता आणि लवकर हवा होता. मामा मात्र म्हणत, "ज्याच्या हातात हिला सोपवायची, त्याला पारखून नको घ्यायला? जावईबापू, रविवारी मोकळे आहात ना?"

पारखण्याची त्यांची रीत अशी: डाव्या कुशीत नसलेली कळ घेऊन दवाखान्यात जायचं. जो डॉक्टर सांगेल, "तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा," तो प्रामाणिक, तो आपला. मी साक्षीदार. स्टेशनजवळच्या पहिल्याच डॉक्टरने पोटाला बोट लावून रक्त, लघवी, सोनोग्राफी असं सगळं लिहून दिलं. मामा बाहेर येताच म्हणाले, "नापास." दुसरे नया नगरातले, पांढऱ्या दाढीचे, अतिशय गोड गृहस्थ. त्यांनी मामांना आडवं करून नीट तपासलं आणि हसून म्हणाले, "चाचा, आपको कुछ नहीं हुआ है. घर जाइए, चैन से खाना खाइए." मला वाटलं, सुटलो! पण मामा जिन्यात तोंड पाडून उभे.

"पास ना?" मी म्हणालो.

"कसला पास? एवढा कळवळून सांगत होतो, डोळ्यांत पाणी आणलं, आणि याला दया म्हणून नाही! उद्या ही खरोखर गुदमरली तर तिलाही म्हणेल, घरी जा!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही परीक्षा पास होण्यासाठी बनवलेलीच नव्हती. तरी तिसऱ्या रविवारी आम्ही बसने समुद्राकाठच्या डोंगरी गावाकडे गेलो. तिथे कुणा डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं मामांना रेशनच्या दुकानात कळलं होतं. बाकड्यावर शेजारी एक कोळीण बसली होती. तिने मामांना आपादमस्तक न्याहाळलं.

"काय होताय तुला?"

"तसं काही नाही," मामा चारचौघांत खरं बोलून गेले.

"काय न्हाय? मंग नंबर कनाला लावलास? माझा म्हावरा सुकून चाललाय इथं!"

मामांनी मुकाट्याने आपला नंबर तिला दिला, आणि ती तपासून येईपर्यंत टोपलीची राखण केली. त्या दिवशी डॉक्टर मिळाला नाही, पापलेटं मिळाली. मामींनी ती तळता तळता धाप टाकली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मला दमा, आणि तुझे मामा म्हणतात दम धर."

दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि धूर थेट गॅलरीतून आत आला. मामी चकली पुढे करत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. श्वास आत जाईना की बाहेर येईना. मामांनी त्यांना उचलूनच लिफ्टमध्ये घातलं. शेजारच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नुकताच दवाखाना उघडला होता. दारावरचं झेंडूचं तोरण अजून सुकायचं होतं. मामांनी काही पारखलं नाही. कळ काढली नाही. सरळ आत घुसले.

बाईंनी मामींच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला. मशीन घुर्रर्र करू लागलं. हळूहळू मामींच्या ओठांवर रंग आला. तेव्हा बाईंनी नवा केसपेपर ओढला आणि मामांना विचारलं, "पेशंटचं नाव?"

मामा खिशात चष्मा शोधू लागले.

"नाव काय, काका?"

"ही... आमच्या घरातली."

"हो, पण नाव?"

मी सांगायला तोंड उघडणार, तोच बायकोने मला असा चिमटा काढला की मीच पेशंट व्हायचो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, अहो, ऐकलंस का, यावर या दोघांचा संसार झाला होता. मामांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मुंबईभरच्या डॉक्टरांची परीक्षा घेणारा माणूस साध्या तोंडी परीक्षेत अडकला होता. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"इंदुमती," ते भिंतीकडे बघत पुटपुटले.

"जरा मोठ्याने हं, मशीनचा आवाज आहे."

"इंदुमती!" मामा एवढ्याने ओरडले की बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. मास्कच्या वर मामींचे डोळे मोठे झाले, आणि त्यांनी मास्कवरूनच पदर तोंडावर ओढून घेतला.

पुढे मामी त्याच बाईंच्या पेशंट झाल्या. मामा मात्र काही वर्षांनी गेले ते एकाएकी, कुठल्याही डॉक्टरला संधी न देता. परवा मामींबरोबर मी दवाखान्यात बसलो होतो. आतून छान खणखणीत हाक आली, "इंदुमतीताई!" मामी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"नाव सगळेच घेतात हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी घाबरून घेतलं होतं."