रेक्याविकमधली संकष्टी

आमची आइसलँडची ट्रिप होती इनमीन चार दिवसांची. पण तिचे किस्से काही संपत नाहीत! मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या आमच्या ग्रुपच्या दर पॉटलक जेवणाला कुणीतरी एक नवा काढतं, जुन्याला मीठमसाला लावतं. हल्ली तर जे आलेच नव्हते तेसुद्धा "त्या दिवशी रेक्याविकला ना..." करून सुरू होतात. म्हणून म्हटलं, जे प्रत्यक्ष होते त्यांनी एकदा खरं काय ते सांगून टाकावं. होतो आम्ही सहाजण. मी, माझा नवरा प्रसाद, आमचे मित्र हेमंत आणि पल्लवी, त्यांची मुलगी ईरा, आणि नागपूरहून आलेल्या हेमंतच्या आई, म्हणजे आमच्या सुमनकाकू.

*

हेमंतचा या ट्रिपला विरोधच होता. काकूंना डायबेटिस. मागच्या संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत म्हणून उपाशी राहिल्या आणि किचनमध्ये चक्कर येऊन पडल्या. हेमंतनं त्याचा धसकाच घेतला होता. आणि आता ट्रिपमध्येच पुन्हा संकष्टी येत होती!

एअरपोर्टवर सिक्युरिटीनं त्याची बॅग उघडली. आत ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या, खजूर, चिक्की आणि बीपीचं मशीन. कपडे जवळजवळ नाहीतच! काकू मागून म्हणाल्या, "काय घाबरून राहिला तू? मी फिरायला निघाले. तुझी बॅग पाहून वाटते, ॲडमिट व्हायला निघाले!"

*

हॉटेलात पोचल्यावर प्रसादनं गरम पाण्याचा नळ सोडला आणि तसाच बाहेर पळत आला. "अगं, बाथरूममध्ये कुणीतरी अंडी उकडलीत!"

शेजारच्या हेमंतच्या खोलीतही तोच वास. काकू शुद्ध शाकाहारी, त्यामुळे त्यांनी अंघोळीला साफ नकार दिला. प्रसाद तावातावानं रिसेप्शनवर गेला. तिथल्या मुलीला हे रोजचंच असावं. ती शांतपणे म्हणाली, "सर, इथलं गरम पाणी जमिनीतून येतं. तो गंधकाचा वास आहे."

त्यानं वर येऊन सांगितलं, तशा काकू टॉवेल घेऊन उठल्याच. "म्हणजे आपल्या उनकेश्वरासारखे गरम झरे! आधी सांगायचं ना बाप्पा!"

तेव्हापासून काकू रोज दोनदा अंघोळ करायला लागल्या, आणि हेमंतचा काही नंबर लागेना.

*

रेक्याविकच्या टेकडीवर एक उंच चर्च आहे. गावात कुठूनही दिसतं. काकूंनी दाराशीच बूट काढले आणि मोज्यांवर आत गेल्या. "देवाचं घर आहे," एवढंच म्हणाल्या. मग आम्हीही काढले.

बाहेर येऊन बघतो तर दारात बुटांची ही रांग! मागून आलेल्या टुरिस्टांना वाटलं, इथली पद्धतच असावी. तिथला माणूस एकदा रांगेकडे बघत होता, एकदा आमच्याकडे. काकू खूश! "पाहा, कोणाला सांगावं लागलं नाही."

*

तिथले गरम पाण्याचे पूल फार छान असतात. पण नियम असा की आधी शॉवर घ्यायचा, साबण लावून, आणि अंगावर काहीही न ठेवता. सगळ्यांसमोर! प्रसाद स्विमिंगची चड्डी घालूनच शॉवरखाली गेला, तर लक्ष ठेवणाऱ्या माणसानं त्याला परत पाठवलं. "आईकडे बघून येतो," म्हणत हेमंत सटकला.

शेवटी प्रसाद धीर करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "प्रसाद? इज दॅट यू?"

त्याच्या मिनियापोलिसच्या ऑफिसातला डायरेक्टर! तोही सुट्टीवर आलेला. तोही तसाच!

साबणाच्या फेसातून प्रसाद एवढंच म्हणाला, "आय विल सेंड द रिपोर्ट बाय मंडे."

*

आणि मग संकष्टी आली.

सकाळपासून काकू बिनसाखरेच्या चहावर. हेमंत त्यांच्या मागेमागे. दुपारी बंदरावर फिरताना काकू बाकावर बसल्या त्या उठेचनात. हात थरथरत होते. हॉटेलवर आणून शुगर तपासली तर खाली आलेली. हेमंत गोळी पुढे करतोय, खजूर पुढे करतोय, आणि काकू तोंड उघडत नाहीत. "चंद्र दिसल्याशिवाय नाही!"

पल्लवीनं ईराला फोनवर चंद्रोदयाची वेळ बघायला सांगितली. ईरा म्हणाली, "आजी, इट सेज नो मूनराइज टुडे."

"आणि उद्या?"

"टुमॉरो ऑल्सो नो."

इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात चंद्र काही दिवस वर येतच नाही, हे आम्हा इंजिनियरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं! हेमंतचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही खूप भीती वाटली. परक्या गावात ॲम्ब्युलन्स बोलवावी लागणार, असंच वाटत होतं.

शेवटी पल्लवीला सुचलं. "आई, नागपूरचा चंद्र बघा ना! तिकडे रात्र झालीय."

काकूंनी विचार केला. "चालेल. पण दिसला पाहिजे."

नागपूरला काकूंची धाकटी बहीण कुंदामावशी. तिला व्हिडिओ कॉल लावला. ती गच्चीवर गेली आणि म्हणाली, "ताई, आभाळ भरून आलंय गं. काहीच दिसत नाही."

हेमंतनं फोन हिसकावून घेतला. "मावशी, आईचे हात बघ कसे थरथरतायत!" मावशीनं एकदा आभाळाकडे बघितलं. मग "थांब, मी करते फोन," म्हणून तिनं कॉल कट केला.

थोड्याच वेळात तिचाच फोन आला. "दिसला गं दिसला! ढगातून निघाला! हा बघ!"

स्क्रीनवर अंधार होता आणि त्यात एक गोल, पिवळा उजेड. काकूंनी हात जोडले, पेल्यातल्या पाण्यानं अर्घ्य दिलं आणि बरोबर आणलेल्या बेसनाच्या लाडवाचा पहिला घास घेतला. आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला! पल्लवीनं पाकिटातला वरणभात गरम करून आणला. जरा वेळानं पुन्हा शुगर तपासली, तर ठीक होती. हेमंत खिडकीकडे तोंड करून चक्क रडला. मग दिवसभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागली आणि पल्लवीबरोबर तो खाली काहीतरी खायला गेला.

मी काकूंना वाढत होते. काकू भात कालवत हळूच म्हणाल्या, "कुंदाच्या गच्चीवर त्या बाजूला पाण्याची टाकी आहे. टाकीवर दिवा आहे. चंद्र तर उलट बाजूला उगवतो."

मी हातातला डाव तसाच धरून बसले.

"हेमंतला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "वाढ अजून थोडा भात."