जयवंताची बेणणी

आमच्या कर्जतच्या शाळेत जयवंता प्रयोगशाळेचा शिपाई होता. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पण त्याला सगळेच अरेतुरे करायचे, मीही. नदीपलीकडे त्याची भातशेती. पहाटे शेतात राबून अकराच्या ठोक्याला शाळेत हजर, आणि नखांत चिखल दिसला की मी त्याच्यावर डाफरायचे. मी जीवशास्त्र शिकवायचे. स्वभाव तापट, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शहात्तर साली खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचपेटी करायचं मी मनावर घेतलं. समुद्र लांब. पण जयवंता शाळेचे कागद घेऊन महिन्यातून एकदा अलिबागच्या कचेरीत जायचा, तो येताना दोन कॅन भरून समुद्राचं पाणी आणू लागला. एसटीच्या कंडक्टरला त्या कॅनचा भलताच संशय आला. आमच्या बाजूला कॅनमधून काय जातं ते सगळ्यांना ठाऊक. जयवंताने टोपणभर पाणी त्याच्या हातावर ओतलं. कंडक्टरने चाखलं, खिडकीतून थुंकला, आणि खोपोलीपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

पेटीत खडकातल्या डबक्यातले दोन चिमुकले मासे होते आणि शंखात राहणारा एक खेकडा. पेटी माझी म्हणायची, पण जीव जयवंताचा. काच पुसणं, सुकटीचा चुरा घालणं, वीज गेली की पंपाऐवजी हाताने पाणी ढवळत बसणं, सगळं तोच करी. प्रयोगशाळेची किल्ली त्याच्या करगोट्याला असायची. सुट्टीच्या दिवशीही नदी ओलांडून माशांना बघून जायचा. म्हशीची एवढी चौकशी करत नाय, असं त्याची बायको म्हणायची.

एका दगडाबरोबर पेटीत एक समुद्रफूल आलं. नाव फुलाचं, पण तो प्राणी. पाकळ्यांसारख्या बोटांनी डंख मारणारा. दोन-तीन महिन्यांत एकाची वीस झाली. एका माशाचं शेपूट भाजल्यासारखं पांढरं पडलं.

एका शनिवारी मी नववीच्या मुलांना घेऊन प्रयोगशाळेत शिरले, तर जयवंता बाह्या सारून, चिमटा घेऊन पेटीत हात घालून उभा.

“काय चाललंय रे?”

“बेणतोय, बाई. रान लय माजलंय.”

भातात तण माजलं की ते मुळासकट उपटायचं, ती बेणणी. तीच तो पंधरा दिवस पेटीत करत होता. पण उपटलेल्या प्रत्येक फुलाचा एखादा कपटा दगडाला राहत होता, आणि त्यातून नवं फूल उठत होतं. माझं डोकं फिरलं. “तुझं शेत वाटलं का हे? अडाण्याच्या हाती दिलं की असंच व्हायचं!” मुलं हसली. मी हात पुढे केला. त्याने करगोट्याची किल्ली सोडून दिली. “यापुढे पेटीला हात लावायचा नाही,” मी म्हटलं.

ओरडतानाही मला एक गोष्ट पक्की आठवत होती. पहिलं फूल मीच चिरलं होतं. याच वर्गासमोर, बशीत घेऊन, ब्लेडने, उभं. दोन्ही तुकडे जगतात हे दाखवायला. आणि दोन्ही तुकडे कौतुकाने पेटीत परत सोडले होते. आता ते तोंडातून निघेना. माझी मलाच लाज वाटत होती, म्हणून आवाज इतका चढला होता.

मग मी इंजेक्शनच्या सुईने फुलांवर कढत पाणी सोडून पाहिलं. फुलं दगडाच्या भोकांत आकसून बसली आणि शेपूट पांढरं पडलेला मासा तेवढा मेला. जयवंता बाकं पुसायचा, पेटीकडे पाठ करून. ते मला बघवत नव्हतं.

मळणीचे दिवस होते. आठवडाभराने, सोमवारी त्याने रजा टाकली, ती खळ्यासाठीच असं मी समजले. मंगळवारी तो कॅन घेऊन प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभा राहिला. खळं तसंच टाकून अलिबागला जाऊन आला होता.

“सोनुबाई म्हणून कोळीण हाय तिथं, तिला पुसलं. ती म्हनली, ह्या तांबड्या रेघांच्या कोळंब्या ती फुलं कुरतडून खातात. मातर वरून खायला घालायचं नाय. पोट भरलं तर फुलांकडं कशाला जातील?” त्याने कॅन पुढे केला. “तुमीच सोडा, बाई. मला हात लावायचा नाय ना.”

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी चार कोळंब्या सोडल्या. सुकट बंद केली. उरलेल्या माशाला तेवढे दोन कण चिमट्याने तोंडाशी द्यायचे. आठ-दहा दिवसांत बारीक फुलं एकेक करत नाहीशी झाली. दोन जून फुलं राहिली, ती राहू दिली. मासा पुन्हा पेटीभर हिंडू लागला.

तो तसा हिंडताना दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली जयवंताच्या हातावर ठेवली. “पहिलं फूल मी चिरलं होतं,” मी म्हटलं. “हे सगळं माझ्यापासून सुरू झालं.”

“ठाऊक हाय, बाई,” किल्ली करगोट्याला बांधत तो म्हणाला. “बशी मीच धरली व्हती.”

मला ब्लेड आठवत होतं, फूल आठवत होतं, मुलांचे चेहरे आठवत होते. बशी कुणी धरली होती ते आठवतच नव्हतं.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“पोरं व्हती ना समोर.”

माझा नववीचा तास दुपारी होता. तेवढा वेळ मला निघेना. त्यांचा गणिताचा तास चालू होता, तिथेच जाऊन मी दारात उभी राहिले.