फळीवरचं गिऱ्हाईक

लहान मुलांचे केस कापावेत तर सलूनवाल्या दादांकडेच, असं सगळी गल्ली म्हणायची. ते खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायचे, पोराला वर बसवायचे आणि मशीन आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून दाखवायचे. "आता कानामागे गुदगुल्या होतील हं. तू थांब म्हणालास की थांबेन." आणि खरंच थांबायचे. दुकान डोक्यावर घेणारं पोरही मग निमूट मान खाली घालायचं.

घरी मात्र याच माणसाचा पारा कायम चढलेला. शाळेच्या घाईत लेक रोज बूट भिरकावायची आणि हे गरजायचे, "नाटकं बंद कर! घाल म्हटलं ना!" की तिने भोकाड पसरलंच.

"जिभेवरची साखर काय फक्त गिऱ्हाइकांसाठी?" बायको विचारायची. ते कानाडोळा करायचे.

एका रविवारी ती लेकीला घेऊन दुकानात टेकली. लेक सरळ गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसली आणि तिची पाळी आल्यावर खुर्चीपाशी उभी राहिली.

"अगं, तुझे केस तर परवाच कापले!"

"केस नाही कापायचे. मला फळीवर बसव."

दादांनी हसत तिला उचलून बसवलं. आरशात बापलेकीची तोंडं शेजारी शेजारी आली.

"बोला, काय करायचं?" त्यांनी नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं.

"इथे तू ओरडत नाहीस ना, म्हणून सांगते," ती आरशातल्या बापाला म्हणाली. "बाबा, तो बूट मला चावतो."