वरचा डबा, खालचा डबा

माझे सासरे महिपत एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं फिटर होते. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, वेळेवर येणारी आणि कारणं सांगणारी. आम्ही डोंबिवलीकर अर्थातच दुसऱ्या प्रकारात मोडतो.

दिवाळीत माझ्या नवऱ्याने, संदेशने, पुन्हा तोच विषय काढला. आई जाऊन वर्ष झालं, आता घर बंद करा आणि आमच्याकडे चला. खरं सांगायचं तर त्याला पुढे ढकलणारी मीच. सकाळी सहाला फोन वाजला की मला वाटायचं, बाबांचंच काहीतरी झालं. बाबा तडकले.

"सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी हाय. सगळ्यांना घेऊन या. तीन दिवस चौदा माणसांचं मी एकटा बघतो. कायबी चुकला, तर गप तुमच्या मागनं येतो. नाय चुकला, तर हा विषय बंद!"

शनिवारी आम्ही गावी पोचलो, तर ओटीच्या भिंतीवर खडूने ड्युटी चार्ट! कोण कुठे झोपणार, आंघोळीला कोणाचा नंबर कितवा. गाद्यांना ऊन दाखवलेलं, बंब लखलखीत, स्वयंपाकघरातला एकूण एक डबा घासून परत फळीवर. बांगड्याचं तिखलं तर असं जमलं होतं की माझी नणंद वैष्णवी बोटं चाटत म्हणाली, "वहिनी, आपण हरलो." मी हसले, पण मला ते काही फारसं आवडलं नाही.

रविवारची सकाळ मात्र घावनांची. सगळे जमले की आई चुलीपुढे बसायच्या आणि शेवटचं माणूस तृप्त होईपर्यंत उठायच्या नाहीत. आता त्या पाटावर बाबा बसले. दिवाळीपासून तीन महिने सराव केला होता म्हणे. बिघडलेली घावनं शेजारच्या म्हशीने खाल्ली.

पहिलं घावन तव्याला चिकटलं. "पहिलं तव्याचं," म्हणून आम्ही हसलो. दुसरं फाटलं. तिसऱ्याचा गोळा झाला. चौथ्याला कोणी हसलं नाही. बाबांच्या कपाळावर घाम, आणि पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन बसलेली.

मी पिठात बोट बुडवलं. चिकट, बुळबुळीत. लगेच कळलं मला. घावनाला सुरय, म्हणजे साधा न उकडलेला तांदूळ लागतो. हा पेजेचा उकडा होता. आईंची कायमची सोय होती, वरच्या डब्यात सुरय, खालच्या डब्यात उकडा. शनिवारी संध्याकाळी लाइट गेली होती आणि बाबांनी सवयीने वरच्या डब्यातले तांदूळ काढून भिजत घातले होते. पण डबे घासून ठेवताना वरचा खाली आणि खालचा वर झाला होता.

बाबांनीही डबा उघडून दाणे तळहातावर घेतले.

"उकडे," ते म्हणाले. "हरलो मी."

ते आत गेले आणि बॅग घेऊन बाहेर आले. भरलेली बॅग.

"ही कधी भरलीत?" संदेशने विचारलं.

"बेस्तरवारी, तुम्ही यायच्या आदी. शब्द दिला होता ना? मग आयत्या वेळी धावपळ कशाला?"

तेवढ्यात माझी मुलगी संस्कृती म्हणाली, "आबा, मला भूक लागलीय. तुम्ही रोज सकाळी काय खाता?"

"पेज खातो गो."

"मग तीच द्या ना."

बाबांनी तपेली चढवली. पाणी मापलं नाही, मिठाला चमचा लावला नाही. हात आपोआप चालत होते. लोणचं, भाजलेला सुका बांगडा आणि वाफाळती पेज. चौदाही जणांनी दोन-दोन वाट्या ओरपल्या. संस्कृतीने वाटी चाटून पुसून ठेवली.

वर्षभर हा माणूस रोज सकाळी एकट्यापुरती पेज रांधून खात होता, आणि मी फोनवर विचारत होते, जेवलात का. ते म्हणायचे, जेवलो. मला ते कधी खरं वाटलं नाही. त्यांच्याबद्दल काळजी होती तेवढी, विश्वास नव्हता. लाज वाटली मला.

बाबांनी हात धुतले आणि बॅगेजवळ जाऊन उभे राहिले. "उद्या किती वाजता निघायचं?"

"बाबा," मी म्हटलं, "ते डबे काल मी पुसायला काढले होते. वर-खाली माझ्याकडून झाले."

वैष्णवीने चमकून माझ्याकडे पाहिलं. काल मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं; चार्टवर तशी सक्त मनाई होती. बाबांना हे सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, पण आवाज वर्कशॉपमधलाच.

"अक्षया, तू ठेवलेस?"

"हो."

"मग चूक तुजी."

"माझीच."

मी बॅग उचलून आत नेली आणि उघडली. दोन लेंगे, तीन सदरे, आईंचा फोटो आणि दोरीने बांधलेली एक पिशवी. पिशवीत उकडे तांदूळ होते. डोंबिवलीत मिळतील न मिळतील म्हणून घेतलेले.

मी डबे पुन्हा जागच्या जागी लावले आणि ते तांदूळ परत ओतायला घेतले. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"खालच्या डब्यात गो," ते म्हणाले. "नीट लक्षात ठेव आता."