दोन कोप्यांमधलं अंतर

हे सारं इश्व, चांदण्यांसकट, पसरत चाललंय, ही बातमी उमापूरच्या अख्ख्या पट्ट्यात सगळ्यात आधी मला कळली. कळली म्हणजे, वैनींनी ती मला धा-बारा येळा समजावली, आन शेवटी म्हणल्या, "लिंबाजीभाऊ, तुम्ही गाडीच चालवा."

मी आबांचा डायवर. आबा आमच्या भागातले पुढारी. जमीन, बंगला, दारात रोज चपलांचा ढीग. वैनी त्यांची सून. मी तिसरीत शाळा सोडली असं सांगतो, पण खरं म्हणजे शाळंनंच मला सोडलं. वैनी मात्र लग्नाआधी पुण्यात पीएचडी करत होत्या. लग्न ठरताना बोलणं झालतं की शिक्षण पुरं करू देऊ. लग्न झालं आन ते बोलणं मांडवासंगट उचललं गेलं. आता त्या या बंगल्यात राहत न्हाईत, पण समोर गाडी लावली की माझी मान आपोआप वरच्या खिडकीकडं जाते.

त्या खिडकीत त्या दिसभर लॅपटॉपवर राहिलेलं शिक्षण करत बसायच्या. बाहेर पडायचं तर आबांची परवानगी पाहिजे, आन संगं मी. बाजारात मी, दवाखान्यात मी, माहेरी गेल्या तरी अंगणात मी. एकदा म्हणल्या, "भाऊ, माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय ना तुम्हाला?"

म्हणलं, "सांगितलंय वैनी, पण माझी नजर अधू हाय."

"किती अधू? मोजलीय?"

ही त्यांची खोड. मी म्हणायचो, लई ऊन हाय. त्या म्हणायच्या, "लई म्हणजे किती?" मी म्हणायचो, गाव आलंच जवळ. "जवळ म्हणजे किती?" मला वाटायचं, देवानं या बाईच्या तोंडात जिभेऐवजी टेपच घातलाय.

एकदा गेवराईच्या रस्त्याला आमची गाडी उसाच्या ट्रॅक्टरांत अडकली. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, बाजूला नाली. तासभर हलायचं नाव न्हाई. मी इचारलं, "वैनी, तुमी एवढं मोजता तरी काय?"

"दीर्घिका. म्हणजे चांदण्यांची गावं. त्यांच्या जोड्या लावायच्या आणि दर जोडीत किती अंतर आहे ते मोजायचं."

"कावून?"

रस्त्याच्या कडंला ऊसतोडीवाल्यांचा तळ पडलता, पाचटाच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, रांगा. वैनी काचंतनं तिकडं बघत म्हणल्या, "तुम्ही जायचात ना तोडीला? कोप्या कशा उभ्या करायचात?"

आता हा माझा इषय. म्हणलं, "एका गावाच्या कोप्या एका जागी. दोन रांगांच्या मधी बैलगाडी वळंल एवढी जागा सोडायची. टेप कोणी लावत न्हाई. पण सांगलीला जा न्हाईतर कर्नाटकात जा, जागा तेवढीच. कारण गाडी तेवढीच आन बैलं बी तेवढीच."

वैनी सीटवर एकदम ताठ झाल्या. "हेच! अगदी हेच! दीर्घिकांमध्येही असं एक ठरलेलं अंतर आहे, विश्व अगदी नवं होतं तेव्हा पडलेलं. तेवढ्या अंतरावर जोड्या जराशा जास्त सापडतात. आता मला सांगा, लांबच्या तळाचा फोटो असला, तर त्यात ती गाडीवाट केवढी दिसते त्यावरून तळ किती लांब ते सांगाल?"

"सांगंल की."

"मी तेच करते. लांबचा उजेड पोचायला वेळ लागतो, म्हणून लांबचं म्हणजे जुनं. जुन्या तळावरचं अंतर आणि आत्ताचं अंतर ताडून पाहायचं. मग मधल्या काळात विश्व किती ताणलं गेलं ते कळतं."

"म्हणजे माणसं कोप्या लांब लांब सरकावत्यात?"

"कोप्या जागेवरच आहेत. खालची जमीन पसरतेय."

मी दार उघडून खाली उतरलो आन जमीन बघून आलो. वैनी डोळ्यांत पाणी येस्तवर हासल्या. मग पुढच्या ट्रॅक्टरकडं बघितलं, मागच्याकडं बघितलं आन बारीक आवाजात म्हणल्या, "सगळं पसरतंय भाऊ, आपली गाडी सोडून."

एवढी मोठी गोष्ट माझ्या पोटात मावंना. हॉटेलवर चहा पिता पिता मी छाती फुगवून बोललो, "आमच्या वैनीला सगळ्या चांदण्या पाठ हायत." दुसऱ्याच दिशी आबांच्या गटातला एक गडी पेढे घेऊन बंगल्यावर हजर. त्याची बायको निवडणुकीला उभी राहणार होती. म्हणतो, "ताई, फॉर्म कोणत्या नक्षत्रावर भरू?"

आबा खूश. "सांग की सूनबाई."

वैनी म्हणल्या, "आबा, दीर्घिकांना आपली निवडणूक ठाऊक नाही. मला मुहूर्त काढता येत नाही, आणि येत असता तरी काढला नसता."

गडी चहा अर्धा टाकून गेला. आबांनी आवाज चढवला न्हाई. एवढंच म्हणले, "चार माणसांत इज्जत राखत न्हाई ती इद्या कावून पाहिजे?" लॅपटॉप कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, परीक्षेला पुण्याला जायचं बंद झालं. वैनींची शेवटची तोंडी परीक्षा महिन्यावर आलती. ती बुडाली असती तर सहा वर्षांचं काम मातीत.

मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. म्हणलं, "वैनी, माझ्या तोंडानं घात केला."

"किती?" त्यांनी इचारलं. पण त्या दिशी हासल्या न्हाईत, आन खिडकी लावून घेतली. महिनाभर ती खिडकी उघडली न्हाई.

महिना भरत आला, आन आबांची मंडळी, आक्का, म्हणल्या, "मला कपिलधारला जायचंय. सूनबाई संगं येईल." आक्का लई कमी बोलायच्या. आबा देवाला न्हाई म्हणत नसत. मी गाडी काढली.

कपिलधारला वरच्या अंगाला गाडी लावली. वैनी म्हणल्या, "आक्का, माझं डोकं दुखतंय, मी इथंच बसते." आक्का म्हणल्या, "बस," आन नारळ घेऊन खालच्या देवळाच्या पायऱ्या उतरायला लागल्या. तशी वैनींनी पिशवीतल्या साडीखालनं लॅपटॉप काढला. माझा जबडा लोंबायला लागला.

"परीक्षा आहे भाऊ. सर कॉलवर घेणार आहेत. आवाज नको, काचा वर करते."

मी पळत सुटलो आन आक्कांना अर्ध्या पायऱ्यांवर गाठलं. वर येऊ द्यायचं न्हाई, एवढंच डोक्यात. माझ्या लग्नात नवरदेवाचं घोडं मला पाडून मांडवात एकलंच कसं शिरलं, ते सांगितलं. मिशी ठेवली तवा बायकोनं आठ दिस घरात कसं घेतलं न्हाई, ते सांगितलं. आक्का पायरीवर टेकल्या. मधी मधी मी वर बघायचो. बंद काचंच्या आत वैनी घामानं भिजल्यात, ओठ हलतायत, आवाज कायबी न्हाई. एकदा दोन हात लांब करून काहीतरी दाखवत होत्या. दाराला कुलूप नव्हतं, तरी ती बाई आत कोंडल्यावानी दिसत होती.

दोन तासांनी दार उघडलं. मी लांबूनच मान हलवून इचारलं. वैनींनी पदरानं तोंड पुसत मान हलवली. झालतं!

आक्का गाडीशी येऊन म्हणल्या, "डोकं थांबलं का गं?"

"थांबलं आक्का."

"मग चला. यांच्या जेवणाची येळ झाली."

पुन्हा त्याच रस्त्यानं, त्याच बंगल्याकडं. मला काय दम निघंना. आरशात बघून म्हणलं, "वैनी, आज म्या एकल्यानं खिंड लढवली बगा."

वैनींच्या आधी आक्का बोलल्या. "कपाट म्या उघडलं. देवाचं निमित्त म्या काढलं. उन्हात दोन तास गुडघं धरून म्या बसले. त्यात तुझी बडबड तेवढी जादाची झाली, लिंब्या. म्होरं बघून गाडी हाण."